दातांच्या फटीतील जीवसृष्टी पाहणारा कापडव्यापारी

तीर्थपुरी (जि. जालना) : पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टिटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर नवा दात चढविण्याची दंतरोपणाची पद्धत आता केवळ महानगरांपुरती उरलेली नाही. घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावांतील माणसेही जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथे जाऊन इम्प्लांट बसवून घेऊ लागली आहेत. कवळीच्या त्रासातून त्यांची सुटका होते. मात्र काही जणांच्या बाबतीत काही महिन्यांनी वा वर्षांनी नव्या दाताभोवतीची हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. अशा वेळी पहिला उपाय म्हणून बहुतेक घरांत चूळ भरण्याच्या औषधाची बाटली आणली जाते. दोन-चार दिवस बरे वाटते आणि सूज पुन्हा येते. केवळ चुळा भरून हा दाह का हटत नाही, याचे उत्तर सुमारे ३४० वर्षांपूर्वी हॉलंडमधील एका कापडव्यापाऱ्याने स्वतःच्या तोंडात प्रयोग करून शोधले होते. अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक हे त्यांचे नाव. शाळेच्या पुस्तकात सूक्ष्मजीवांचा शोध लावणारे म्हणून त्यांची ओळख दोन ओळींत आटोपते. त्यांच्या दातांची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा

ल्युवेनहॉक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्ट या डच शहरात झाला. वडील टोपल्या विणण्याचा व्यवसाय करीत. आईचे माहेर मद्य गाळणाऱ्या सुखवस्तू घराण्यातले होते. अँटोनी पाच-सहा वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. आईने दुसरा विवाह केला. मुलाला शिक्षणासाठी परगावी धाडण्यात आले, पुढे काही काळ ते नातेवाइकांकडे राहिले. विद्यापीठाची पायरी त्यांनी कधीच चढली नाही. त्या काळी युरोपातील विद्वानांची भाषा लॅटिन होती. ल्युवेनहॉक यांना आपल्या मातृभाषेखेरीज अन्य भाषा येत नव्हती. ही उणीव त्यांना जन्मभर भोवली.

वयाच्या सोळाव्या वर्षी, १६४८ मध्ये, त्यांना ॲमस्टरडॅमच्या एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. कापडाचा पोत पारखणे, हिशेब ठेवणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे या गोष्टी तेथे ते शिकले. १६५४ मध्ये डेल्फ्टला परतून त्यांनी बार्बरा डी मेय यांच्याशी विवाह केला आणि स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. विणीतील धागे तपासण्यासाठी भिंग वापरण्याची रीत त्या धंद्यात होतीच. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. त्यांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये बार्बरा यांचेही निधन झाले. पुढे १६७१ मध्ये त्यांनी कॉर्नेलिया स्वालमियस यांच्याशी दुसरा विवाह केला.

दरम्यान १६६० मध्ये डेल्फ्टच्या नगरभवनात न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दालनाची व्यवस्था पाहण्याची नोकरी त्यांना मिळाली. कामाचा ताण बेताचा आणि वेतन नियमित, अशी ही जागा होती. पुढे त्यांनी जमीन मोजणीची परीक्षा दिली. १६७९ मध्ये मद्याच्या पिंपांची मापे तपासणारे अधिकारी म्हणूनही त्यांची नेमणूक झाली. विख्यात चित्रकार योहानेस व्हरमीर हे त्यांचे समवयस्क आणि त्याच शहराचे रहिवासी. व्हरमीर यांच्या निधनानंतर १६७६ मध्ये त्यांच्या कर्जबाजारी मालमत्तेची व्यवस्था लावण्याचे काम नगराने ल्युवेनहॉक यांच्याकडेच सोपविले. मोजमापात चोख आणि व्यवहारात सचोटीचा माणूस, असा त्यांचा लौकिक होता. मोजण्याची ही सवयच पुढे त्यांच्या संशोधनाचा कणा ठरली.

नखाएवढे भिंग, त्याहून लहान काच

ल्युवेनहॉक यांचा सूक्ष्मदर्शक आज प्रयोगशाळेत दिसतो तसा उंच नळीचा नव्हता. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पत्र्यांमध्ये वाटाण्याहूनही लहान असे एकच भिंग बसविलेले असे. पाहण्याचा पदार्थ एका टोकदार सुईवर ठेवायचा, स्क्रू फिरवून तो भिंगासमोर आणायचा आणि उपकरण डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे पाहायचे. असे पाचशेहून अधिक सूक्ष्मदर्शक व भिंगे त्यांनी स्वतःच्या हातांनी घडविल्याचे सांगितले जाते. आज त्यांपैकी मोजकेच शिल्लक असून त्यांतील सर्वांत प्रभावी भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखविते. त्या काळातील इतर कोणाच्याही उपकरणाला हे साधले नव्हते. सर्वोत्तम भिंगे कशी केली, हे त्यांनी अखेरपर्यंत गुपित ठेवले.

डेल्फ्टचे तरुण वैद्य रेनियर डी ग्राफ यांनी १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या व्यापाऱ्याची ओळख करून दिली. तेव्हापासून सुमारे ५० वर्षे ल्युवेनहॉक यांनी सोसायटीला पत्रे पाठविली. ती सर्व साध्या डच भाषेत होती. लंडनमध्ये त्यांचा अनुवाद होई. शास्त्रीय निबंधाची त्यांची शैली नव्हती. पाहिले ते पाहिले त्याच क्रमाने, शेजाऱ्याला सांगावे तसे ते लिहीत. तळ्याच्या पाण्यातील जीव, रक्तातील तांबड्या पेशी, शुक्राणू अशा अनेक गोष्टींचे वर्णन या पत्रांतून जगापुढे आले.

९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्राने मात्र खळबळ उडविली. मिरी भिजत घातलेल्या पाण्यात त्यांना अतिसूक्ष्म जीव वळवळताना दिसले होते. एका थेंबात लाखो जीव असू शकतात, हे लंडनच्या विद्वानांना पटेना. तेथे करून पाहिलेल्या पहिल्या प्रयत्नात काहीच दिसले नाही. ज्याला लॅटिन येत नाही, ज्याच्याकडे पदवी नाही, त्या दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा कसा, असा पेच होता. ल्युवेनहॉक यांनी वाद घातला नाही. गावातील धर्मोपदेशक व प्रतिष्ठित नागरिकांना घरी बोलावून त्यांना ते जीव दाखविले आणि आठ जणांच्या साक्षी लेखी स्वरूपात लंडनला रवाना केल्या. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हुक यांनी सोसायटीच्या सदस्यांसमोर तो प्रयोग यशस्वी करून दाखविला. १६८० मध्ये ल्युवेनहॉक यांची सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. सोसायटीच्या एकाही बैठकीला मात्र ते कधी गेले नाहीत.

मीठ, दातकोरणे आणि शिरका

१७ सप्टेंबर १६८३ रोजी सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच्या तोंडाची हकिगत कळविली. त्या वेळी ते पन्नाशीत होते. रोज सकाळी मिठाने दात घासायचे, पाण्याने चुळा भरायच्या, जेवणानंतर दाढा दातकोरण्याने कोरायच्या आणि फडक्याने पुसायच्या, असा त्यांचा नेम होता. मराठवाड्यातील जुन्या पिढीला मीठ, राखुंडी आणि कडुलिंबाच्या काडीमुळे हा नेम परका वाटू नये. या सवयीमुळे आपले दात त्या वयाच्या माणसाला अपवादानेच लाभावेत इतके स्वच्छ आहेत आणि मिठाने कितीही जोरात घासले तरी हिरड्यांतून रक्त येत नाही, असे त्यांनी नमूद केले. हिरडीतून रक्त येते की नाही, ही आज दंतवैद्य करीत असलेली पहिली तपासणी त्यांनी नकळत स्वतःवर केली होती.

एवढी निगा राखूनही भिंगातून पाहताना काही दाढांच्या फटीत त्यांना भिजविलेल्या पिठासारखा पांढुरका थर दिसला. तो त्यांनी खरवडून काढला, स्वच्छ पावसाच्या पाण्यात आणि नंतर लाळेत कालवला आणि भिंगासमोर धरला. थरात असंख्य जीव हालचाल करीत होते. काही लांबट जीव माशासारखे सपकन पुढे जात, काही भोवऱ्यासारखे गरगरत, तर काही इतके बारीक होते की त्यांचा आकार ठरविणे कठीण होते. या जीवांची चित्रे त्यांनी काढवून घेतली. १६८४ मध्ये ती सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जीवाणूंची ही सर्वांत जुनी छापील चित्रे मानली जातात.

एकाच तोंडावर थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी दोन स्त्रियांच्या, एका लहान मुलाच्या आणि काही वृद्धांच्या दातांवरील थर तपासला. त्या स्त्रिया त्यांच्या पत्नी व कन्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. ज्याने जन्मात कधी दात स्वच्छ केले नव्हते अशा एका वृद्धाच्या थरात जीवांची संख्या थक्क करणारी होती. आपल्या एका तोंडात राहणारे जीव संपूर्ण देशातील माणसांपेक्षाही अधिक असावेत, असा अंदाज त्यांनी बांधला.

यापुढचा प्रयोग सर्वांत मोलाचा. त्यांनी तीव्र शिरका तोंडात घेतला, दात मिटून तो फटींमधून खेळविला आणि मग पाण्याने चुळा भरल्या. त्यानंतर दातांवरील थर काढून पाहिला, तर जीव जिवंतच होते. थर तोंडाबाहेर काढून त्यात शिरका थेट मिसळला, तेव्हा मात्र ते तत्काळ निश्चल झाले. शिरका जीवांना मारू शकतो. मात्र दातावर घट्ट बसलेल्या थराच्या आतपर्यंत तो पोचत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

सुमारे नऊ वर्षांनी, १६९२ मध्ये, त्यांना आपल्या पुढच्या दातांवर जिवंत जीव आढळेनासे झाले. सकाळी कढत कॉफी पिण्याची सवय लागल्याने ते मरत असावेत, असा त्यांचा तर्क होता. म्हणून त्यांनी मागच्या दाढांच्या फटीतील थर तपासला. तेथे जीव पूर्वीप्रमाणेच होते. जेथे सहज पोचता येते ती जागा स्वच्छ राहते आणि दडलेली जागा तशीच राहते, हे त्यांना दुसऱ्यांदा दिसले.

न उमगलेला अर्थ

आपण पाहत असलेले जीव हिरड्यांच्या आजाराला कारणीभूत आहेत, असे ल्युवेनहॉक यांनी कधी म्हटले नाही. सूक्ष्मजीवांमुळे रोग होतात, हे सिद्ध व्हायला लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या काळापर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वाट पाहावी लागली. हिरड्यांबाबतचा निर्णायक प्रयोग तर १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हस येथे झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात स्वच्छ करणे थांबविले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. थर साचला की दाह होतो आणि थर निघाला की दाह ओसरतो, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

त्याच १९६५ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी टिटॅनियमचे इम्प्लांट प्रथमच एका रुग्णाच्या जबड्यात बसविले. टिटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवरील संशोधनात त्यांच्या ध्यानात आले होते. टिटॅनियमला कीड लागत नाही. म्हणून नव्या दाताची काळजी घेण्याचे कारण नाही, असा समज अनेक रुग्णांमध्ये आजही आढळतो. तो खरा नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इम्प्लांट बसविलेल्या रुग्णांनी तीन आठवडे सफाई थांबविली, तेव्हा इम्प्लांटभोवतीची हिरडीही नैसर्गिक दाताभोवतीच्या हिरडीप्रमाणेच सुजली.

ल्युवेनहॉक यांच्या शिरक्याची गोष्ट येथे उपयोगी पडते. दातावर किंवा टिटॅनियमवर साचणारा थर म्हणजे सुटे जंतू नव्हेत. ते स्वतः तयार केलेल्या चिकट द्रव्यात गुंडाळलेली वस्ती करून राहतात. आधुनिक विज्ञान तिला बायोफिल्म म्हणते. चुळेचे औषध वा प्रतिजैविक या वस्तीच्या वरच्या भागावर परिणाम करते. आतले जंतू बचावतात आणि पुन्हा वाढतात. त्यात इम्प्लांटची रचनाही प्रतिकूल असते. नैसर्गिक दाताच्या मुळाला हिरडीचे तंतू आडवे शिरून घट्ट धरून ठेवतात. इम्प्लांटभोवती हे तंतू त्याच्या पृष्ठभागाला समांतर जातात आणि तेथील रक्तपुरवठाही कमी असतो. त्यामुळे दाह हाडापर्यंत उतरला की तो वेगाने पसरू शकतो.

उपचारांचा क्रम

या आजाराचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात दाह हिरडीपुरता असतो. हाड शाबूत असते. या अवस्थेत वेळीच उपचार झाले तर हिरडी पूर्ववत होऊ शकते. दुसऱ्यात इम्प्लांटला आधार देणारे हाड झिजू लागते. गेलेले हाड पूर्णपणे परत मिळविणे कठीण असते. दुर्लक्ष झाल्यास इम्प्लांट सैल होऊन काढावे लागते. दुखत नाही म्हणून अनेक जण थांबतात. या आजारात वेदना उशिरा जाणवते, रक्त मात्र आधी दिसते.

पहिल्या टप्प्यात दंतवैद्य इम्प्लांटवरील थर व टार्टर उपकरणांनी काढून टाकतात. टिटॅनियमवर चरे पडू नयेत म्हणून त्यासाठी खास टोकांची उपकरणे वापरली जातात. नव्या दाताच्या आकारामुळे ब्रश पोचत नसेल तर तो दात काढून दुरुस्त करावा लागतो. दात चिकटविताना हिरडीखाली राहून गेलेले सिमेंटही दाहाचे कारण ठरते. क्लोरहेक्सिडिनची चूळ काही दिवसांपुरती जोडीला देता येते, मात्र ती सफाईची जागा घेऊ शकत नाही. युरोपातील तज्ज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही, शस्त्रक्रियेविना केल्या जाणाऱ्या उपचारात पोटात घ्यायची प्रतिजैविके सरसकट देऊ नयेत, असेच सांगितले आहे. दाह खोल असेल आणि सफाईने आटोक्यात येत नसेल तर हिरडी उघडून इम्प्लांटचा पृष्ठभाग स्वच्छ करण्याची शस्त्रक्रिया करतात. झिजेचा आकार पाहून काही रुग्णांत हाडाची भरही घालतात. त्यानंतर साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक असते.

रुग्णाचा वाटाही मोठा आहे. इम्प्लांटच्या बाजूच्या फटींतून छोटा ब्रश रोज फिरविणे, धूम्रपान सोडणे आणि मधुमेह काबूत ठेवणे, हे या उपचाराचे अविभाज्य भाग आहेत. तंबाखूची मशेरी लावून दात स्वच्छ होतात, ही ग्रामीण भागात रुजलेली समजूत तर हिरड्यांच्या मुळावरच येणारी आहे. इम्प्लांटभोवती रक्त दिसताच चुळेच्या बाटलीवर विसंबून न राहता दंतवैद्य गाठणे हिताचे. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय ही मराठवाड्यातील रुग्णांसाठी हक्काची जागा आहे.

अखेरपर्यंत पत्रे

वृद्धापकाळी ल्युवेनहॉक यांची कीर्ती युरोपभर पसरली. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर त्यांची उपकरणे पाहण्यासाठी हॉलंडमध्ये त्यांना भेटला. १६९४ मध्ये दुसऱ्या पत्नीचेही निधन झाल्यानंतर कन्या मारिया हिने त्यांचा सांभाळ केला. अखेरच्या आजारातही स्वतःच्या छातीखालच्या स्नायूंच्या अनैच्छिक हालचालींची नोंद करून ती लंडनला कळविण्याचे त्यांनी सोडले नाही. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, डेल्फ्ट येथे त्यांचे निधन झाले. तेथील जुन्या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे.

चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक असलेली पेटी त्यांनी रॉयल सोसायटीला देऊन ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात ती गहाळ झाली. उरलेल्या उपकरणांचा १७४७ मध्ये लिलाव झाला. भिंगांचे गुपितही त्यांच्याबरोबरच गेले असे मानले जात होते. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी त्यांचा एक सूक्ष्मदर्शक न उघडता न्यूट्रॉन किरणांनी तपासला, तेव्हा त्यातील भिंग म्हणजे काचेचा धागा वितळवून केलेला छोटा गोल मणी असल्याचे आढळले. ही कृती रॉबर्ट हुक यांनी पूर्वीच लिहून ठेवली होती. विद्येचे साधन सर्वांसमोरच होते. त्याचा चिकाटीने वापर करणारा माणूस मात्र विरळा निघाला.

हिरड्यांच्या उपचाराचे सूत्रही असेच सर्वांसमोर होते. औषध थराच्या वरून वाहून जाते, थर मात्र हातानेच काढावा लागतो, हे कोणतीही पदवी नसलेल्या या व्यापाऱ्याने १६८३ मध्ये लिहून ठेवले. त्याचा अर्थ वैद्यकाला उमगेपर्यंत जवळजवळ तीन शतके गेली. इम्प्लांटभोवतीची हिरडी लाल झालेल्या रुग्णाला मात्र इतका काळ थांबणे परवडणारे नाही.